पान जुनं, मजकूर केव्हाचा?

आमच्या मोहल्ल्यात एक जिल्दसाज चाचा होते. वकिलांची बाडं, मदरशातली फाटकी पुस्तकं, व्यापाऱ्यांच्या चोपड्या, सगळं त्यांच्याकडे शिवायला यायचं. मी बी. ए. झालो त्या वर्षी त्यांनी माझ्या हातात एक उर्दू पुस्तक ठेवलं. म्हणाले, "बेटा, ही खरी इंजील. पादऱ्यांनी दडवून ठेवलेली. तू मराठीत लिहितोस ना? मग हे मराठीत आण."

ते होतं बर्णबाचं शुभवर्तमान. बर्णबा हा येशूच्या पहिल्या पिढीतल्या अनुयायांपैकी एक. मराठी बायबलातही तो भेटतो. त्याच्या नावावरच्या या पुस्तकात हजरत ईसा 'मी देवाचा पुत्र नाही' असं सांगतात, वधस्तंभावर त्यांच्याऐवजी यहूदा चढतो आणि पुढे येणाऱ्या मुहंमद पैगंबरांचं ते नावच घेतात. मुसलमान वाचकाला आणखी काय हवं? मी बसलो भाषांतराला. पुस्तकाची प्रकरणं 222. ब्याऐंशीव्यापर्यंत आलो आणि अडलो.

तिथे येशू सांगतात की, ज्युबिलीचं वर्ष आता दर शंभर वर्षांनी येतं. मी मराठी बायबल काढलं. लेवीयच्या पुस्तकात हे वर्ष पन्नासावं. मग शंभर कुठून आले? ग्रंथालयात शोधल्यावर उलगडा झाला. इ. स. 1300मध्ये पोप आठवे बोनिफेस यांनी रोममध्ये ज्युबिली साजरी केली आणि ती दर शंभर वर्षांनी व्हावी असं ठरवलं. पुढे 1343मध्ये पोप सहावे क्लेमेंट यांनी ती मुदत पुन्हा पन्नासवर आणली. म्हणजे 'दर शंभर वर्षांनी' लिहिणारा माणूस 1300च्या आधीचा असूच शकत नाही.

एक धागा सुटला की शिवण उसवत जाते. नासरेथ गाव डोंगरात, गालीलच्या सरोवरापासून दूर. पण या पुस्तकात येशू बोटीत बसून नासरेथला पोचतात. ते प्रकरण मी आधीच मराठीत आणून मोकळा झालो होतो, लक्षातसुद्धा आलं नव्हतं! येशूंच्या जन्माच्या वेळी पिलात सुभेदार होता, असं पुस्तक म्हणतं. त्याचा कारभार इ. स. 26 ते 36चा. पुढे द्राक्षारसाची लाकडी पिंपं येतात. त्या काळी पॅलेस्टाईनमध्ये द्राक्षारस भरत तो मातीच्या रांजणांत आणि कातडी बुधल्यांत.

या ग्रंथाची इटालियन भाषेतली हस्तलिखित प्रत व्हिएन्नात, ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. कागद, बांधणी आणि अक्षराचं वळण पाहून बहुतेक अभ्यासक ती सोळाव्या शतकाच्या अखेरीची मानतात. समासात अरबी टिपा आहेत, पण त्यांतलं अरबी व्याकरण कच्चं. याखेरीज एक स्पॅनिश प्रत आहे. ग्रीक किंवा अरामी भाषेतलं मात्र एकही पान नाही. बर्णबाच्या नावाचं एखादं शुभवर्तमान होतं, असा उल्लेख चर्चने नाकारलेल्या पुस्तकांच्या एका प्राचीन यादीत आहे हे खरं. पण तिथे नुसतं नाव आहे. त्या नावाचं पुस्तक हेच, हे कशावरून म्हणायचं?

बायबलबाहेरचं सगळंच बनावट, असा मात्र याचा अर्थ नाही. हनोखचं पुस्तक घ्या. हनोख म्हणजे आपल्याकडे ज्यांना बहुधा हजरत इद्रीस मानतात ते. हे पुस्तक पूर्ण रूपात फक्त इथिओपियात, तिथल्या गीझ भाषेत टिकलं. जेम्स ब्रूस नावाच्या स्कॉटिश प्रवाशाने 1773मध्ये त्याच्या प्रती युरोपात आणल्या. ते किती जुनं यावर वाद होता. मग मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत त्याचे अरामी तुकडे सापडले, त्यांतले सर्वांत जुने येशूंच्या आधी सुमारे दोनशे वर्षांचे. ग्रंथ प्राचीन ठरला. अर्थात, तो हनोखने स्वतः लिहिला असं त्याने सिद्ध होत नाही. वय आणि लेखक हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण त्यांची सारखी गल्लत करतो.

प्रयोगशाळेने हे सगळं सुटेल असं वाटत असेल, तर 2012चं प्रकरण आठवा. येशू 'माझी पत्नी' म्हणतात असा पपायरसचा एक तुकडा हार्वर्डच्या प्राध्यापिका कॅरन किंग यांनी जाहीर केला. कार्बन चाचणीत पपायरस सातव्या-आठव्या शतकाचा निघाला. पण थोमाच्या शुभवर्तमानाच्या इंटरनेटवरच्या प्रतीत छपाईची जी एक चूक होती, तीच या तुकड्यात उतरली होती! तुकडा कुठून आला याची पत्रकार एरियल सेबर यांनी छाननी केल्यावर, 2016मध्ये किंगबाईंनीही तो बहुधा बनावट असल्याचं मान्य केलं. चाचणी वय सांगते ते पानाचं, वर लिहिलेल्या ओळींचं नव्हे.

हे चाचांना नवं नव्हतं. जुन्या चोपड्यांतली कोरी पानं मागायला त्यांच्याकडे कोण कोण यायचं, ते त्यांनीच मला सांगितलं होतं. तरीही बर्णबाबद्दल मी सांगू लागलो तेव्हा ते दुखावले. "तुला पादऱ्यांनी शिकवलं," म्हणाले. ज्युबिली, पिलात, पिंपं, कशानेच त्यांची समजूत पटेना. शेवटी मी एकच विचारलं, "चाचा, या पुस्तकात हजरत ईसा म्हणतात, मसीहा मी नव्हे. कुरआन त्यांना काय म्हणतं?"

चाचा बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "मसीह."

पुस्तक त्यांनी परत मागितलं नाही. माझ्या भाषांतराच्या वह्या ब्याऐंशीव्या प्रकरणापाशीच थांबल्या आहेत.