पुसलेला हिशेब परत कसा मिळवावा?

कपड्याच्या धंद्यात उधारी मोठी आणि मुदत लांब. पार्टी तीन-चार वर्षांनी उगवते आणि म्हणते, "शेठ, हिशेब दाखवा." गेल्या वर्षी माझ्यावर हीच पाळी आली. दुकानातील मुलाने 'जुनी कंपनी काय कामाची' म्हणून टॅलीतून ती उडवून टाकली होती. १,८६,००० रुपयांची बाकी तिच्यातच होती.

अशा वेळी घाबरून लगेच नवा बॅकअप घेऊ नये. पुष्कळ दुकानांत रोज संध्याकाळी एकाच पेनड्राइव्हवर, जुन्यावरच नवा बॅकअप चढविला जातो. मग बिघडलेला माल चांगल्या मालावर बसतो आणि दोन्ही जातात. पेनड्राइव्ह आधी बाजूला काढावा, त्याची नक्कल करावी आणि काम नकलेवरच करावे.

टॅलीचा बॅकअप नुसते क्लिक करून उघडत नाही, तो रिस्टोअर करावा लागतो. रिस्टोअर करताना चालू डेटाचा फोल्डर कधीही देऊ नये. तेथे त्याच क्रमांकाची कंपनी असल्यास आजच्या नोंदींवर जुन्या नोंदी बसतात. 'जुना हिशेब' नावाचा वेगळा फोल्डर करून तेथे उतरवावे. हा तजुर्बा एका शेजाऱ्याला महागात पडला होता, म्हणून मी वाचलो.

माझा डेटा ईआरपी ९ चा होता, तो टॅली प्राइममध्ये आला. २००९ पूर्वीचा टॅली ७.२ चा डेटा मात्र थेट येत नाही. आधी ईआरपी ९ मध्ये बदलून घ्यावा लागतो. बदललेला डेटा परत जुन्या टॅलीत उघडत नाही, म्हणून मूळ प्रत जपून ठेवावी.

त्याहून जुन्या लोटस १-२-३ च्या फाईली एक्सेल २००७ पासून उघडत नाहीत. लिबर ऑफिस हे फुकट मिळते, त्यात लोटसच्या आणि फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाईली उघडतात. इनपेजमधील जुनी उर्दू पत्रे वर्डमध्ये नुसती चिन्हे होऊन दिसतात. ती इनपेजच्या युनिकोड असलेल्या नव्या आवृत्तीतच उघडावीत.

जीएसटी कायद्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. उधारीला मात्र ७२ महिने कधी कधी कमी पडतात!

माझ्या पार्टीने खाते पाहिले. परत आलेल्या मालाच्या दोन नोंदी आमच्याकडूनच राहिल्या होत्या, त्या वजा केल्या. उरलेली रक्कम त्यांनी दोन हप्त्यांत चुकती केली.