गुंठ्यानें जागा घेतांना

मुलांच्या शिक्षणासाठीं तालुक्याच्या गांवीं दोन-चार गुंठे घेऊन घर बांधावें, अशी इच्छा आमच्या पुष्कळ वाचकांस होते. इच्छा योग्यच आहे. परंतु शेतजमिनीचे पट्टे पाडून विकलेल्या जागेंत जो घोटाळा असतो, तो आम्हीं कचेरींत बसून पाहिला, व एकदां घरींही भोगला.

फौजेंतून निवृत्त झालेल्या आमच्या धाकट्या बंधूंनीं २०१४ सालीं दोन गुंठे घेतले. हातीं आलें तें शंभर रुपयांच्या मुद्रांकावरील, नोटरीपुढें झालेलें साठेखत. पुढें मूळ मालक वारला व त्याच्या मुलानें सबंध गट नोंदणीकृत खरेदीखतानें दुसऱ्यास दिला. बंधूंजवळ पावत्या राहिल्या. कागद आधीं आम्हांस दाखविला असता तर पैसे वांचते. पण घरच्या कारकुनास विचारतो कोण!

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें साठेखतानें मालकी येत नाहीं. खरेदीखत व त्याची नोंदणी हवी. नोंदणीनेंही सर्व भागत नाहीं. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानें प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याच्या व्यवहारास बंदी घातली. अलीकडे कांहीं क्षेत्रांपुरती शिथिलता आली आहे. ती आपल्या गटास लागू आहे काय, हें तहसील कचेरींत लेखी विचारावें. "सात-बारावर सामाईक नांव लावून देतों," असें विक्रेता गोडीनें सांगतो. सामाईक नांव म्हणजे हिस्सा; कोणता कोपरा आपला, हें त्यावरून ठरत नाहीं. उद्यां एका सहहिस्सेदारानें वाटपाचा दावा लावला, तर बांधलेल्या घरासह आपण कोर्टांत उभे!

सात-बारा पाहतांना लोक नांव व क्षेत्र वाचून कागद घडी करतात. 'इतर हक्क' हा रकाना अवश्य वाचावा. सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क तेथेंच असतो. 'भोगवटादार वर्ग २' असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून पुढें जाऊं नये. तीस वर्षांचे फेरफार काढावे, व दुय्यम निबंधकाकडे शोध घ्यावा. अकृषिक आदेश व मंजूर रेखांकन असल्याचें सांगितल्यास अस्सल प्रत मागावी, व रस्ता नकाशावर कोणाच्या नांवें आहे तें पाहावें.

खर्चाविषयीं थोडेंच. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत व सरकारी मूल्य यांपैकीं जें अधिक त्यावर पडतें. सदोष कागदावर बँक कर्ज देत नाहीं. मग सावकार गांठावा लागतो, किंवा पिकती बागाईत विकावी लागते. हें दुसरें करूं पाहणारास आम्हीं नेहमींच अडविलें आहे.

इसार देण्यापूर्वीं मोजणीची 'क' प्रत मागावी. मालक आज-उद्यां करूं लागला, तर इसार खिशांतच ठेवून घरीं यावें.