बुडबुडा नेमका कशाचा?

पैठण गेटच्या मोबाइल बाजारात ग्लास बसवून घेणं हा दोन मिनिटांचा तमाशा असतो. दुकानातला पोरगा ओल्या पुसणीने स्क्रीन पुसतो, कोरड्या पुसणीने चमकवतो, चिकट स्टिकरने धूळ टिपतो आणि काच अलगद वर सोडतो. मधोमध बोट टेकवलं की गोंद तिथून चहूकडे पसरत जातो, सुती कापडावर पाणी सांडावं तसा.

माझ्या काचेखाली दोन बुडबुडे राहिले. एक वरच्या कोपऱ्याजवळ, दुसरा बरोबर मध्ये. मी बोट दाखवलं. "रहने दो सर, दो दिन में निकल जाता," तो इथल्या दख्खनीत म्हणाला. गिऱ्हाइकाला वाटेला लावायचं हे ठरलेलं वाक्य असणार, असं मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी पाहतो तर कोपऱ्यातला बुडबुडा खरंच गायब. मधला मात्र जागचा हलला नव्हता. अंगठ्याने दाबला की चपटा व्हायचा, अंगठा काढला की पुन्हा हजर.

एक गेला, एक राहिला. असं का?

काचेच्या पाठीवरचा गोंद आपल्या घरातल्या डिंकासारखा वाळून चिकटत नाही. तो सिलिकॉनचा मऊ, पारदर्शक थर असतो. वरून घट्ट दिसला तरी समोरच्या पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत तो द्रवासारखा शिरतो आणि रेणूंच्या आपसातल्या क्षीण ओढीवर काच धरून ठेवतो. म्हणून तर ती नखाने उचलता येते आणि पुन्हा बसवता येते. जिथे गोंद टेकला नाही तिथे हवा राहते, आणि तीच चांदीसारखी चकाकते. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, सिलिकॉनचा १.४, हवेचा १. काचेतून सिलिकॉनमध्ये शिरताना प्रकाशाला फारसा फरक जाणवत नाही. काच आणि हवा यांच्या सीमेवर मात्र शंभरातला जवळपास चार भाग प्रकाश मागे फिरतो. हवेचा थर अगदीच पातळ असेल, तर पावसाळ्यात रस्त्यावरच्या ऑइलच्या डागात दिसतात तसे रंगही दिसतात.

आता कोपऱ्यातला बुडबुडा. त्यात नुसती हवा होती. बुडबुड्यावरची काच किंचित वाकलेली असते आणि तिला सरळ व्हायचं असतं. भोवतालचा गोंदही तिला खाली ओढत असतो. त्यामुळे आतली हवा सतत दाबाखाली राहते. एरवी ती कोंडून राहिली असती, पण सिलिकॉन वायूंच्या बाबतीत फार उदार आहे. नैसर्गिक रबरातून जितका ऑक्सिजन झिरपतो त्याच्या कितीतरी पट सिलिकॉन रबरातून झिरपतो. डोळ्याच्या बुबुळाला हवा मिळावी म्हणून आजकालच्या बऱ्याच कॉन्टॅक्ट लेन्समध्ये सिलिकॉन असतं, ते याच गुणामुळे. फोनवरही तेच होतं. दाबलेली हवा गोंदात विरते, कडेकडे सरकते आणि निघून जाते. बुडबुडा लहान आणि कडेजवळ असेल तर दिवस-दोन दिवसांत काम होतं. पोरगा थाप मारत नव्हता.

मधल्या बुडबुड्याच्या पोटात कण होता. नीट पाहिलं तर टाचणीच्या टोकापेक्षा बारीक ठिपका दिसत होता, आणि त्याच्याभोवतीचं पांढरं वर्तुळ ज्वारीच्या दाण्याएवढं. एवढ्याशा कणाला एवढा मोठा बुडबुडा कसा? सतरंजीखाली शेंगदाणा राहिला तर फक्त तेवढंच टेंगूळ येतं. शहाबादी फरशीखाली तोच शेंगदाणा राहिला तर अख्खी फरशी डगडगते. टेंपर्ड ग्लास ही फरशी आहे. जाडी दुप्पट केली की वाकायला होणारा विरोध आठपट वाढतो, म्हणून साध्या प्लास्टिकच्या फिल्मपेक्षा ०.३३ मिलिमीटरची काच कणाभोवती कितीतरी लांबवर अधांतरी राहते. कण आहे तोवर तंबू आहे. अंगठ्याने, एटीएम कार्डाने, किती का दाबा. जास्त जोर केला तर कण खालच्या स्क्रीनवर रुतेल एवढंच.

आणि छत्रपती संभाजीनगरात कणांना काय तोटा! उन्हाळ्यात तर धूळ स्वतः चालून येते. काचेवरची पातळ फिल्म सर्रकन ओढली की घर्षणाने स्थिर विद्युतभार तयार होतो. दमट हवेत तो लवकर ओसरतो, पण एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या हवेत टिकून राहतो आणि आसपासचे कण ओढून घेतो. वर दुकानात पंखा गरगरत असतो.

म्हणून मी दुसरा प्रयोग बाथरूममध्ये केला. गरम पाण्याची अंघोळ उरकल्यावर दहा मिनिटं दार बंद ठेवलं. वाफेने धूळ खाली बसते. मग काचेच्या एका बाजूला चिकटपट्टी लावून बिजागरी केली, समोरचा कोपरा नखाने सैल केला आणि काच वहीच्या पानासारखी वर केली. सावकाश, न वाकवता, कारण काच बहुधा कडेपासूनच तडकते. दुसऱ्या चिकटपट्टीच्या तुकड्याने कण टिपला. तो गोंदालाच चिकटला होता. बोट लावायचा मोह टाळला. बोटाचा तेलकटपणा लागला की तिथे गोंद पुन्हा धरत नाही.

काच परत सोडताना मधून कडेकडे जायचं. हवेला आधी वाट हवी, मग दाब. या शहराला हे सांगायला नको. जटवाड्याकडच्या डोंगरातून पाणचक्कीपर्यंत मातीच्या नळांतून पाणी आणणाऱ्यांनी वाटेत उंच बंबे बांधले, त्यांतून नळात कोंडलेली हवा सुटायची. पैठण रोडच्या जलवाहिनीवरचे एअर व्हॉल्व्ह तेच काम करतात. आणि पाण्याच्या दिवशी आपल्या घरचा नळ धार सोडण्याआधी फुसफुसतो, तीही तीच हवा.

कडेला पांढरी रेघ राहते तिचं प्रकरण वेगळं. बऱ्याच फोनची स्क्रीन कडेला वळलेली असते, सपाट काच तिथे टेकतच नाही. थांबून उपयोग नसतो. यावर घरगुती तोड म्हणजे कापसाच्या काडीने कडेला तेलाचं बोट. केशाकर्षणाने तेल फटीत शिरतं आणि त्याचा अपवर्तनांक काचेच्या जवळ असल्याने रेघ दिसेनाशी होते. फट गेलेली नसते, फक्त तिच्यातल्या हवेची जागा तेलाने घेतलेली असते. खोबरेल मात्र लावू नका. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, आणि डिसेंबरच्या सकाळी उशापासचा फोन उचलाल तर रेघ पुन्हा पांढरीफटक. शिवाय कोणतंही तेल जास्त झालं तर गोंदाची पकड सुटते आणि स्पीकरच्या जाळीत शिरतं ते वेगळंच.

जाता जाता वेष्टनावरच्या ९एच बद्दल. अनेकांना ती हिऱ्याच्या शेजारची कठीणता वाटते. तो आकडा पेन्सिलींचा आहे: ९एच पेन्सिलीनेही ओरखडा उठत नाही, इतकाच अर्थ. खनिजांच्या मोह्स मापावर साधी काच साडेपाचच्या आसपास असते आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. खिशातल्या वाळूला ९एच वाचता येत नाही.

माझ्या मधल्या बुडबुड्याचा कण निघाला. काच परत बसवताना खालच्या बाजूला एक नवा बुडबुडा मात्र आला. भिंगाखाली धरून पाहिला: गोल, स्वच्छ, आत काही नाही. त्याला मी हात लावला नाही. परवा सकाळी तो गेला होता.