माठाचे शास्त्र आणि सर्वांसाठी गारवा

मे महिन्यातील टळटळीत दुपार. तुम्ही उन्हातून घरी येता आणि आधी माठाकडे वळता. नळाचे पाणी कोमट झालेले असते, माठातले मात्र गारेगार! माठाला विजेची तार नाही, यंत्र नाही. मग हा गारवा येतो तरी कुठून?

विद्यार्थी मित्रहो, प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. गारवा नावाची कोणतीही वस्तू तयार करता येत नाही. एखादी वस्तू गार करायची म्हणजे तिच्यातील उष्णता काढून दुसरीकडे न्यायची. फ्रिजच्या मागील जाळीला किंवा बाजूला हात लावून पाहा, ती गरम लागेल. आतल्या भाजीपाल्यातील उष्णता तेथून बाहेर पडत असते. वातानुकूलन यंत्रही खोलीतील उष्णता रस्त्यावर टाकते. हेच काम माठ पाण्याकडून करून घेतो.

भाजलेल्या मातीत अतिशय बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरून माठाच्या पृष्ठभागावर येते आणि त्याची वाफ होते. १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. हाच बाष्पनाचा अप्रकट उष्मा. तो मुख्यतः माठातल्या पाण्यातून घेतला जातो.

आता थोडे गणित करू. माठात १० लिटर पाणी आहे. ते ४० अंश सेल्सिअसवरून २५ अंशांवर आणायचे, तर १०,००० × १५ म्हणजे १,५०,००० कॅलरी काढून टाकायला हव्यात. या संख्येला ५८० ने भागा. उत्तर येते सुमारे २६० ग्रॅम. म्हणजे जेमतेम पाव लिटर पाणी उडून गेले की बाकीचे पाणी गार! प्रत्यक्षात बाहेरच्या गरम हवेतून थोडी उष्णता आत येतच असते, म्हणून पाणी त्याहून काहीसे अधिक उडते.

गारवा ही चैन आहे काय?

तुम्ही म्हणाल, पाणी गार असले काय अन् नसले काय, एवढे काय बिघडते? मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची मोठी लाट आली. पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीच्या प्रमाणापेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाल्याचे संशोधकांना नंतर आढळले. उन्हात राबणारे मजूर, म्हातारी माणसे आणि तापलेल्या पत्र्याखाली राहणारी कुटुंबे यांना अशा लाटेचा सर्वांत अधिक धोका असतो.

मग घरोघरी वातानुकूलन यंत्र बसवावे का? दीड टनी यंत्राला सुमारे दीड हजार वॅट वीज लागते. छताचा साधा पंखा ७५ वॅटवर फिरतो. म्हणजे एका यंत्राच्या विजेत २० पंखे चालतील. यंत्राची किंमत आणि विजेचे बिल गरीब कुटुंबाला झेपत नाही. शिवाय आपल्याकडील बरीचशी वीज कोळशापासून मिळते. कोळसा जळला की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पृथ्वी आणखी तापते. यंत्रांतील अनेक शीतक वायू गळून हवेत मिसळले, तर त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट उष्णता अडवून धरतात. त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे जगातील राष्ट्रांनी २०१६ मध्ये रवांडा देशातील किगाली येथे ठरवले.

याचा अर्थ यंत्रे नकोतच असा नव्हे. बहुतेक लसी २ ते ८ अंश तापमानातच ठेवाव्या लागतात. तेथे माठ कामाचा नाही. म्हणूनच वीज नसलेल्या गावांतील दवाखान्यांसाठी सूर्याच्या विजेवर चालणारे फ्रिज तयार झाले आहेत. पण जेथे साध्या उपायाने भागते, तेथे तो आधी करावा.

उष्णता आत येऊच देऊ नका

पहिला उपाय छतावर आहे. काळपट छत ऊन शोषून घेते, पांढरे छत त्यातील बराच भाग परतवून लावते. २०१० च्या अनुभवानंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. पुढे तेथील वस्त्यांमध्ये छतांना पांढरा रंग देण्याचा कार्यक्रमही हाती घेण्यात आला. चुन्याची सफेदी स्वस्त असते. मात्र धूळ बसली की तिचा गुण कमी होतो, म्हणून छत स्वच्छ ठेवावे लागते. दारापुढचे झाड आणि खिडकीवरचा पडदाही हेच काम करतात.

माठाचे थोरले भाऊ

दुसरा उपाय माठाच्याच तत्त्वावर चालतो. नायजेरियातील महंमद बाह अब्बा या शिक्षकांनी एका मडक्यात दुसरे लहान मडके ठेवले, मधल्या जागेत ओली वाळू भरली आणि वर ओले फडके झाकले. एरवी तीन दिवसांत खराब होणारी वांगी त्यात २७ दिवसांपर्यंत टिकली. या कामाबद्दल त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 'शून्य ऊर्जा शीतकक्ष' तयार झाला. विटांच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये साडेसात सेंटिमीटर वाळू, वर बांबू आणि गवताचे झाकण, आणि त्यावर सावलीसाठी छप्पर. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची, एवढेच काम. यात सुमारे १०० किलो भाजी किंवा फळे मावतात. कोरड्या उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहते. त्यामुळे शेतकऱ्याला आजची भाजी आजच मिळेल त्या भावाने विकून टाकावी लागत नाही.

तुमच्या गावी चालेल का? करून पाहा

पण एक अडचण आहे. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल, तर आणखी पाणी सहजी उडत नाही. म्हणून नागपूर-अकोल्याकडे वाळ्याच्या ताट्या आणि कूलर उत्तम चालतात, तर रत्नागिरीत तेच कूलर नुसता ओलावा वाढवतात.

तुमच्या गावची परीक्षा तुम्हीच घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेतील तापमापक घ्या (ताप मोजण्याचा नव्हे). सावलीत हवेचे तापमान नोंदवा. मग त्याच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळा आणि पुठ्ठ्याने पाच मिनिटे वारा घाला. पारा उतरून जेथे स्थिर होईल तो आकडा लिहा. साध्या बाष्पीभवनाने हवा त्याखाली गार होत नाही. हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर पारा सुमारे २४ पर्यंत उतरतो. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर तो २९ च्या आसपासच थांबतो. दोन आकड्यांतील फरक १० हून अधिक आला, तर तुमच्या गावी माठ, कूलर आणि शीतकक्ष उत्तम काम देतील. फरक ५ हून कमी आला, तर सावली, पांढरे छत, वाऱ्याला वाट आणि पंखा यांवरच भर द्यावा लागेल.

मार्चपासून जूनपर्यंत आठवड्यातून एकदा, दुपारी ठरावीक वेळी ही नोंद करा आणि तक्ता वर्गात लावा. आपल्या गावाला कोणता गारवा परवडेल, याचे उत्तर त्या तक्त्यात तुम्हाला सापडू लागेल.