आंतरशीतक, जल-वायू

टर्बोचार्जरने दाबलेली गरम हवा एंजिनाच्या सिलिंडरांत शिरण्यापूर्वी खेळत्या पाण्याच्या साहाय्याने थंड करणाऱ्या उष्णता विनिमयकाला जल-वायू आंतरशीतक म्हणतात. हवेच्या संपीडनाच्या (दाबून आकारमान कमी करण्याच्या) दोन टप्प्यांमध्ये बसविलेला शीतक तो आंतरशीतक, हा या संज्ञेचा मूळ अर्थ होय. मोटारगाडीत संपीडनाचा बहुधा एकच टप्पा असतो व शीतक त्याच्यानंतर येतो. त्यामुळे त्याला उत्तरशीतक म्हणणे अधिक काटेकोर ठरेल. तथापि आंतरशीतक हेच नाव रूढ झाले आहे.

तत्त्व : हवा दाबली की ती तापते. उदा., ३०° से. तापमानाची हवा वातावरणीय दाबाच्या १·८ पट दाबापर्यंत नेली आणि संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के असली, तर ती सु. ११०° से. तापमानाला बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असल्याने दाब वाढवून मिळविलेल्या लाभाचा काही भाग वाया जातो. हीच हवा ५०° से. पर्यंत थंड केल्यास तिची घनता सु. १८ टक्क्यांनी वाढते. शीतकातून जाताना दाबात होणारी थोडी घट वजा जाता सु. १५ टक्के लाभ उरतो. पेट्रोल एंजिनात याहूनही महत्त्वाचा लाभ असा की, थंड हवेमुळे अपस्फोटनाचा (मिश्रण अवेळी व एकदम पेटून दट्ट्यावर आघात होण्याचा) धोका कमी होतो. डीझेल एंजिनात ज्वलनाचे तापमान उतरून नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे प्रमाण घटते.

वायु-वायू आंतरशीतकात ही उष्णता थेट बाहेरच्या वाऱ्याला दिली जाते. जल-वायू प्रकारात ती प्रथम पाण्याला व मग गाडीच्या पुढील भागातील वेगळ्या रेडिएटरमधून वाऱ्याला मिळते. सारखेच आकारमान घेतल्यास पाणी हवेच्या सु. ३,५०० पट उष्णता सामावून घेते. म्हणून हवा थंड करणारा गाभा लहान असला तरी चालतो आणि तो एंजिनाच्या अगदी जवळ बसविता येतो.

इतिहास : स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांनी निष्कास वायूंवर चालणाऱ्या अतिभरकाचे एकस्व १९०५ मध्ये मिळविले. विमानांना उंचीवरील विरळ हवेत शक्ती टिकविता यावी म्हणून अतिभरणाचा विकास झपाट्याने झाला. दुसऱ्या महायुद्धातील रोल्स-रॉइस मर्लिन ६१ या एंजिनात दोन टप्प्यांच्या अतिभरकाबरोबर द्रवाने थंड होणारा शीतक होता. स्पिटफायर विमानाच्या १९४२ मधील नवव्या आवृत्तीत या मालिकेची एंजिने वापरण्यात आली. मोटारगाड्यांपैकी १९८९ ची लोटस एस्प्री टर्बो एसई व १९९१ चा जीएमसी सायक्लोन हा छोटा मालवाहू ट्रक ही या पद्धतीची ठळक उदाहरणे होत. पुढे फोक्सवॅगनच्या काही लहान पेट्रोल एंजिनांत हा गाभा अंतर्ग्रहण नळखंडातच सामावण्यात आला.

रचना : या योजनेत गाभा, पाण्याची टाकी, विजेवर चालणारा पंप व पुढचा रेडिएटर असे चार मुख्य भाग असतात. एंजिन थंड ठेवणारे पाणी येथे वापरता येत नाही. कारण ते स्वतःच सु. ९०° से. तापमानाचे असते. पाण्याचे चक्र स्वतंत्र ठेवावे लागते ते यासाठीच. पाणी टाकीतून पंपात, तेथून गाभ्यात, मग रेडिएटरमध्ये आणि निवल्यावर पुन्हा टाकीत येते. या कामी वापरले जाणारे सामान्य पंप स्वतःहून पाणी ओढून घेऊ शकत नाहीत. म्हणून पंप टाकीच्या खाली व टाकीचे तोंड चक्रातील सर्वांत उंच जागी असावे लागते. गाभ्यात हवा आणि पाणी यांचे प्रवाह शक्यतो परस्परविरुद्ध दिशांनी ठेवतात. पुढचा रेडिएटर एंजिनाच्या रेडिएटरच्या व वातानुकूलन यंत्रणेच्या संघनकाच्या पुढे बसवितात, म्हणजे त्याला न तापलेला वारा मिळतो.

मापांचा अंदाज पुढील हिशोबावरून येतो. सु. १४० किलोवॉट शक्तीच्या पेट्रोल एंजिनाला पूर्ण भारावर सेकंदाला सु. ०·१५ किग्रॅ. हवा लागते. ती ११०° वरून ५०° से. पर्यंत आणण्यासाठी सु. ९ किलोवॉट उष्णता काढावी लागते. मिनिटाला १५ लि. पाणी खेळत असल्यास गाभ्यातून जाताना ते सु. ८·५° से. तापते. चक्रात एकूण १० लि. पाणी असेल, तर दहा सेकंदांच्या जोरदार वेगवाढीत त्याचे तापमान जेमतेम २° से. वाढते. मात्र पुढचा रेडिएटर नसताना हाच भार पाच मिनिटे राहिला, तर पाणी ६०° से. हून अधिक तापेल आणि त्याच्या कितीतरी आधी शीतन निरुपयोगी झालेले असेल. टाकी उष्णता काही काळ साठविते, ती बाहेर टाकते रेडिएटरच, हे यावरून स्पष्ट होते. अल्पकाळाच्या शर्यतींत टाकीत बर्फ घालतात, एक किग्रॅ. बर्फ वितळताना १० लि. पाणी सु. ८° से. ने थंड करते. बर्फाविना हवेचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा खाली जाऊ शकत नाही.

उभारणी व चाचणी : गाभा बसविण्यापूर्वी त्याच्या पाण्याच्या बाजूची दाबाखाली गळती-चाचणी घेणे अत्यावश्यक असते. वायु-वायू आंतरशीतक गळला तर केवळ दाब कमी पडतो. येथे मात्र एंजिन बंद असताना पाणी सिलिंडरात उतरू शकते. पाणी हवेसारखे दाबले जात नसल्यामुळे एंजिन पुन्हा सुरू करताना दट्ट्या अडतो आणि संयोगदांडा वाकतो किंवा मोडतो. टाकीतील पाणी कारण नसताना कमी होत असेल, तर एंजिन सुरू न करता आधी गाभा तपासावा लागतो.

पंपाला फ्यूज व रिले यांमार्फत स्वतंत्र वीजजोडणी देतात. पाणी भरल्यावर पंप चालवून बुडबुडे येणे थांबेपर्यंत हवा काढून टाकतात. हवेच्या नळांचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासतात. चक्रात ॲल्युमिनियम व तांबे असे भिन्न धातू असल्यास गंज वाढतो. म्हणून गंजरोधक द्रव्य मिसळतात. थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून ग्लायकॉल घालतात. परंतु निम्मे ग्लायकॉल असलेल्या मिश्रणाची उष्णताधारकता पाण्यापेक्षा बरीच कमी असल्याने उष्ण प्रदेशात त्याचे प्रमाण कमी ठेवणे इष्ट ठरते.

पंप बंद पडला तरी चालकाला ते सहसा कळत नाही. एंजिन चालू राहते, हवेचे तापमान मात्र चढत जाते आणि अपस्फोटनाने दट्ट्यांना इजा होते. यासाठी गाभ्यानंतर तापमान-संवेदक बसवून त्याच्या आधारे प्रज्वलन मागे घेण्याची किंवा टर्बोचार्जरचा दाब उतरविण्याची सोय नियंत्रकात करतात.

गुणदोष : हवेचे नळ आखूड राहतात, त्यामुळे प्रवेगक दाबताच एंजिनाचा प्रतिसाद मिळतो आणि थोड्या वेळाचे जास्त भार सहज पेलले जातात. उलट वजन, खर्च व बिघडू शकणारे भाग वाढतात. एकदा तापलेले पाणी निवण्यास वेळ लागतो. विशेषतः गर्दीत संथ चालणाऱ्या गाडीत पुढच्या रेडिएटरला पंखा नसल्यास हे प्रकर्षाने जाणवते. गाडीच्या पुढील भागात पुरेशी जागा असून तिला दीर्घकाळ सलग भार ओढावयाचा असल्यास वायु-वायू प्रकारच अधिक सोपा व भरवशाचा ठरतो. जागेची अडचण असून भार थांबून थांबून येत असल्यास जल-वायू आंतरशीतक श्रेयस्कर असतो.