ओंडका, वस्ती आणि मेगाब्लॉक

बंगळुरूच्या राजाजीनगरात मेन, क्रॉस आणि ब्लॉक हे तीन शब्द आल्याखेरीज पत्ता पुरा होत नाही. मेन म्हणजे मोठा रस्ता, क्रॉस म्हणजे त्याला छेदणारा आडवा रस्ता, आणि ब्लॉक म्हणजे असे कित्येक रस्ते पोटात घेणारा वस्तीचा एक भाग. चक्रवर्ती राजगोपालाचारी ऊर्फ राजाजी भारताचे गव्हर्नर जनरल असताना, १९४९ साली, ही वसाहत आकाराला येऊ लागली आणि तिला त्यांचेच नाव मिळाले. अमेरिकेतला ब्लॉक याहून पुष्कळ लहान असतो. चार रस्त्यांच्या मधल्या चौकोनाला तिथे ब्लॉक म्हणतात आणि दुकान ‘दोन ब्लॉक पुढे’ आहे असे सांगून अंतरही त्यातच मोजतात.

या शब्दाचे मूळ लाकडात आहे. मध्ययुगीन डच भाषेत ‘ब्लोक’ म्हणजे झाडाच्या खोडाचा तुकडा, ओंडका. तिथून तो फ्रेंचमध्ये आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. खाटीक ज्यावर मांस तोडतो तो ओंडका, शिरच्छेदाच्या वेळी मान टेकवायचा ठोकळा, जहाजावरच्या कप्पीचे घर, हे त्याचे जुने अर्थ. ओंडका सलग असतो आणि वाटेत पडला तर वाट अडवतो. पुढचे जवळजवळ सगळे अर्थ या दोन गुणांतून फुटले. सलगपणातून दगडाचा चिरा, इमारतींची रांग, वस्तीचा भाग आला. अडवण्यातून क्रियापद आणि ‘ब्लॉकेड’, म्हणजे शत्रूच्या बंदराची नाकेबंदी, आली. ‘ब्लॉकबस्टर’ हे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानदलाच्या प्रचंड बॉम्बचे टोपणनाव होते. इमारतींची अख्खी रांग जमीनदोस्त करू शकेल असा बॉम्ब, हा त्याचा अर्थ. हा शब्द तुफान चालणाऱ्या चित्रपटाला नंतर चिकटला.

मराठीने हा शब्द एकदाच, एकाच अर्थाने घेतला नाही. ज्या व्यवसायाला जसा लागला तसा त्याने घेतला. जुन्या छापखान्यात ब्लॉक म्हणजे चित्र छापण्याचा ठसा. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरायचे आणि तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून अक्षरांच्या खिळ्यांच्या उंचीला आणायचा, म्हणजे मजकूर आणि चित्र एकाच दाबाखाली उमटत. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छपाईच्या आणि कोरणीच्या धंद्यात होते.

घराच्या बाबतीत मराठीने अर्थच बदलला. इंग्रजीत सगळी इमारत म्हणजे ब्लॉक. मुंबई-पुण्याच्या मराठीत मात्र तिच्यातले एकच स्वतंत्र बिऱ्हाड. चाळीतली खोली सोडून ‘ब्लॉकमध्ये’ जाणे याचा अर्थ संडास-न्हाणीघर आपल्या दाराच्या आत असणे. चाळींच्या काळातल्या मध्यमवर्गाची केवढी मोठी इच्छा या दोन अक्षरी शब्दात मावत होती! पुढे ‘फ्लॅट’ने त्याची जागा घेतली.

सरकारी ब्लॉक आला तो २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमातून. गावांचा एक समूह म्हणजे एक ब्लॉक. मराठीने त्यासाठी ‘गट’ हा सुटसुटीत शब्द घेतला, म्हणून ब्लॉक डेव्हलपमेंट ऑफिसरचा, म्हणजे बीडीओचा, गटविकास अधिकारी झाला.

रेल्वेत सलग तुकडा आणि अडवणे हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. लोहमार्गाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक सेक्शन म्हणतात. टक्कर टाळण्यासाठी एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडायची, हा मूळ नियम. रूळ, ओव्हरहेड वायर किंवा सिग्नलचे काम निघाले की तो मार्ग ठरावीक वेळेपुरता गाड्यांना बंद करतात, हाही ‘ब्लॉक’च. रविवारी तो कित्येक तासांचा असला की मध्य रेल्वे त्याला मेगाब्लॉक म्हणते आणि पश्चिम रेल्वे जम्बोब्लॉक.

दवाखान्यात मात्र या शब्दाने होणारा घोटाळा दूर व्हायलाच हवा. ‘ब्लॉकेज’ म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत चरबीचा थर साचून वाट अरुंद होणे. ‘हार्ट ब्लॉक’ हा वेगळा विकार आहे. हृदयाचे ठोके विजेच्या सूक्ष्म संदेशावर चालतात. तो वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही, तेव्हा त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. ब्लॉकेजवर गरजेप्रमाणे औषधे, स्टेंट किंवा बायपास. गंभीर हार्ट ब्लॉकवर पेसमेकर. दोन्हींत अडते ते निराळे, म्हणून इलाजही निराळा.