मेणबत्तीखालचा ओंडका

पावसाळ्याच्या तोंडावर शहरांतल्या रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी होते आणि फांद्या दोन-तीन दिवस फुटपाथवर पडून राहतात. त्यातली मनगटाहून जाड, सालीसकट, किंचित वाकलेली एखादी फांदी मेणबत्तीच्या स्टँडला पुरते. तिचा वीतभर तुकडा, त्यात एक गोल खळगा, खळग्यात मेणबत्ती. घरी करायच्या लाकूडकामात याहून साधी वस्तू सापडणार नाही. खळगा पाडायला दहा मिनिटंही लागत नाहीत. कस लागतो तो लाकूड निवडण्यात आणि वाळवण्यात, आणि त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही.

नुकत्याच कापलेल्या लाकडात पाणी ठासून भरलेलं असतं. पेशींच्या पोकळीतलं पाणी उडून जाईपर्यंत लाकूड आकसत नाही. ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली आला, की पेशींच्या भिंतींमधलं पाणी सुटू लागतं आणि आकसणं सुरू होतं. तेही सगळीकडून सारखं होत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेनं लाकूड जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेनं आकसतं. म्हणून गोल ओंडक्याची चकती वाळताना गाभ्यापासून सालीपर्यंत पाचरीसारखी भेग उघडते. ती कारागिराच्या हातून होत नाही. लाकडाच्या घडणीतच ती असते.

यावर उपाय आहे आणि तो सुंदरही आहे. ओंडका आडवा कापून चकत्या करण्याऐवजी उभा चिरायचा, बरोबर गाभ्यातून. ताण मोकळा होतो आणि भेग पडायची शक्यता खूप कमी होते. शिवाय सपाट बाजू खाली आली की स्टँड टेबलावर घट्ट बसतो आणि सालीची पाठ वर राहते. अशा अर्ध्या ओंडक्यावर ओळीनं तीन खळगे पाडले की जेवणाच्या टेबलाच्या मध्यभागी ठेवण्यासारखी देखणी वस्तू तयार होते. दोन्ही टोकांना आधीच वितळलेलं मेण फासून ठेवावं. लाकूड टोकांकडून सर्वांत वेगानं वाळतं आणि तिथूनच फुटतं. मग तुकडा सावलीत, जमिनीपासून उचलून, वारा खेळेल असा ठेवायचा. इंचभर जाडीला एक वर्ष असा जुना हिशेब आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पातळ तुकडे लवकर वाळतात, पण घाई करून उन्हात टाकलेलं लाकूड हमखास तडकतं.

लाकूड कोणतं घ्यावं? साग उत्तमच, पण त्याचा फक्त गाभाच टिकाऊ असतो. भोवतालचं फिकट लाकूड किडीला सहज बळी पडतं. फणसाचं लाकूड मला सर्वांत आवडतं. ताजं असताना ते पिवळंधमक असतं आणि उजेडात राहून वर्षागणिक तपकिरीकडे झुकत जातं. कोकणातल्या जुन्या घरांचे खांब पाहिलेल्यांना तो रंग माहीत आहे. बाभूळ कठीण, जड, हत्यारांची परीक्षा पाहणारी. आंबा सहज मिळतो, कापायला सोपा, पण त्यातल्या पिष्टामुळे त्याला भुंगा पटकन लागतो. वाळलेल्या तुकड्याखाली पांढरा कागद ठेवून आठवडाभर पाहावं. पिठासारखा भुसा पडला तर आत किडा आहे आणि तो तुकडा घरातल्या फर्निचरजवळ येऊ देऊ नये. बोरॅक्स आणि बोरिक पावडरीच्या पाण्यात लाकूड आधीच भिजवून घेतलं तर हा त्रास बराच टळतो.

पडलेली, छाटलेली, वखारीत उरलेली लाकडंच घ्यावीत, हे आवर्जून सांगायला हवं. साग, आंबा, फणस, जांभूळ, खैर ही झाडं महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत आणि परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. शोभेच्या वस्तूसाठी उभं झाड तोडणं तर मनालाही पटू नये.

आता खळगा. बाजारात मिळणाऱ्या टी-लाइटची, म्हणजे वाटीतल्या छोट्या मेणबत्तीची, ॲल्युमिनियमची वाटी साधारण 38 मिलिमीटर व्यासाची असते. खळगा 40 मिलिमीटरचा ठेवावा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, गोल खळगा किंचित लंबगोल होतो आणि अगदी मापात बसवलेली वाटी अडकून बसते. साध्या ड्रिलच्या पात्यानं एवढं मोठं आणि सपाट तळाचं भोक पडत नाही. त्यासाठी फोर्स्टनर बिट लागतं. बेंजामिन फोर्स्टनर या अमेरिकन बंदूक-कारागिरानं 1874 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कडा स्वच्छ कापत, तळ सपाट ठेवत ते लाकडात उतरतं. मशीन संथ चालवावं आणि पातं मधूनमधून वर काढून भुसा झटकावा, नाहीतर घर्षणानं लाकूड करपतं. हे बिट नसेल तर होल सॉनं गोल आखून मधला भाग पटाशीनं हळूहळू काढता येतो. बाकी तुकडा ओबडधोबड राहू द्या. साल, गाठी, वाकडेपणा सगळं शोभून दिसतं. खळगा मात्र नेटकाच हवा, कारण वाटी तिरकी बसली की मेण एका बाजूला साचतं आणि वात नीट जळत नाही.

दिव्याखालचं लाकूड आपल्याकडे नवं नाही. जुन्या घरांत लाकडी ठाणवई असे, पण तिच्यावर ठेवलेला दिवा धातूचा किंवा मातीचा. गोव्यातल्या चर्चमध्ये कोरीव, सोनेरी मुलाम्याचे लाकडी मेणबत्तीदान दिसतात. त्यांतही मेणबत्ती बसते ती सहसा धातूच्या भागात. ज्योत आणि लाकूड यांच्या मध्ये तिसरं काहीतरी हवंच, हे जुन्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. घरी करणाऱ्यांनी ते मनापासून पाळावं. टी-लाइटला स्वतःची वाटी असते, तरी खळग्यात काचेची किंवा पितळेची वाटी बसवली तर अधिक चांगलं. उघडी मेणबत्ती थेट लाकडात रोवली तर ती संपत येताना ज्योत लाकडालाच भिडते. तीन खळगे असतील तर त्यांच्यात दहा सेंटिमीटर अंतर ठेवावं. टी-लाइट एकमेकींना चिकटून जळल्या तर उष्णता साठून मेणाची वाफच पेट घेऊ शकते. अशा आगीवर पाणी कधीही ओतू नये. ती झाकून विझवायची.

शेवटी तेल. खोबरेल लावू नये. ते कधीच सुकत नाही, लाकूड चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होतं आणि लाकडाची रेषा न् रेषा उजळते. दोन पातळ हात द्यावेत, मध्ये पहिला हात पूर्ण सुकू द्यावा, वर हवं तर मधमाशीचं मेण चोळावं. पण ज्या गुणामुळे हे तेल सुकतं, त्याच गुणामुळे ते तापतंही. तेलानं माखलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर उष्णता आतच कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेटू शकते. त्यामुळे काम संपल्याबरोबर ती चिंधी बाहेर मोकळ्या हवेत, एकेरी पसरून वाळत घालावी, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावी.